किटली : उपनगरांतील एका भांड्याचा आणि एका शब्दाचा इतिहास

इंग्रजी भाषेत ‘केटल’ म्हणजे पाणी उकळण्याचे भांडे. ‘टीपॉट’ हे त्याहून निराळे. त्यात चहाची पाने घालावयाची, वर केटलमधील उकळते पाणी ओतावयाचे आणि झाकण लावून पाने मुरू द्यावयाची. केटल विस्तवावर, टीपॉट मेजावर, अशी या दोहोंची कामे इंग्रजी घरात वाटून दिलेली असतात. ‘केटल’पासून ‘किटली’ हा शब्द घेणाऱ्या मराठीने मात्र त्याचा अर्थ जवळजवळ उलटा करून टाकला. अंधेरीच्या कारखान्यांच्या गाळ्यांत, घाटकोपरच्या बाजारात किंवा मुलुंडच्या कचेऱ्यांत किटलीत पाणी कोणी उकळत नाही. किटलीत असतो तो तयार, गाळलेला, दूधसाखर घातलेला चहा. ‘किटली आली’ याचा अर्थ चहा आला, एवढाच होतो. विस्तवावर जे चढते ते पातेले, मुंबईच्या बोलीत टोप. किटली विस्तवावरून का उतरली आणि टीपॉट घरात येऊनही का टिकला नाही, हे दोन प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शोधू गेल्यास धातू, दूध, कारखान्यांचा कायदा आणि शिवाशीव एवढ्या सर्व गोष्टींची दखल घ्यावी लागते.

प्रथम शब्दाविषयी. ‘केटल’चे मूळ लॅटिन ‘कातिल्लुस’ या शब्दात आहे. ‘कातिनुस’ म्हणजे खोलगट ताट किंवा वाडगा, व कातिल्लुस हे त्याचे लघुत्वदर्शक रूप होय. जर्मानिक भाषांत तो शब्द शिजवण्याच्या भांड्यासाठी रूढ झाला आणि तेथून इंग्रजीत आला. हिंदीत त्याचे ‘केतली’ झाले, मराठी व गुजरातीत ‘किटली’. हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मराठीतील मूर्धन्य ‘ट’ हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्रजीतील हा वर्ण ना धड दंत्य ना धड मूर्धन्य. त्यामुळे तो कानी पडेल तसा दोन्ही बाजूंना झुकतो. मराठीतच ‘टेबल’ आणि ‘तिकीट’ ही दोन्ही रूपे रुळलेली आहेत. याहून महत्त्वाचा भाग प्रत्ययाचा. शेवटी ‘-ली’ आल्याबरोबर हा परका शब्द बादली, टोपली, बुधली, पातेली यांच्या पंक्तीला जाऊन बसला व स्त्रीलिंगी झाला. मराठीत मोठे भांडे ते ‘पातेले’ आणि लहान ती ‘पातेली’. तेव्हा भांड्याच्या नावाचे स्त्रीलिंग हे बहुधा लहानपणाचे, हाताने सहज उचलता येण्याचे लक्षण असते. किटली पुढे हाती धरून नेण्याची वस्तू झाली, त्याची तयारी जणू व्याकरणाने आधीच करून ठेवली होती. गुजरातीत तर हा शब्द आणखी पुढे गेला आहे. अहमदाबादेत ‘किटली’ म्हणजे चहाचे दुकानच. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील गुजराती वस्तीस हा अर्थ परिचित आहे.

तोटीचे भांडे मराठी माणसास नवे नव्हते. झारी त्याच्या घरी पूर्वापार होती आणि झारीतील शुक्राचार्य त्याच्या बोलण्यात आजही आहे. असे असता ‘चहाची झारी’ असा प्रयोग का रूढ झाला नाही? झारी ही पाण्याची, हातपाय धुण्याची, पूजेची. ती कधी विस्तवावर चढली नाही. किटली विस्तवावर चढणारी म्हणून आली, यास्तव तिला नवे नाव मिळाले असावे. पुढे तिचे विस्तवावरचे काम सुटले आणि ती ओतण्यापुरती उरली. म्हणजे कामाने ती झारीच झाली. नाव मात्र परतले नाही.

मराठी मुलखाच्या सीमेवर चहाच्या भांड्याचा उल्लेख बराच जुना आहे. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ साली सुरतेस आला, तेव्हा तेथील रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असे. १६९६ साली ज्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले, त्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने सुरतेच्या डच वखारीविषयी लिहिताना त्यांचा टीपॉट विस्तवावरून क्वचितच उतरतो, असे म्हटले आहे. टीपॉट आणि विस्तवावर! पुढील काळातील इंग्रजी नेमस्तपणास हे मानवले नसते; पण सतराव्या शतकात ही दोन भांडी अद्याप पुरती विभागली गेली नव्हती, असे यावरून दिसते. ओव्हिंग्टन आणखी एक गोष्ट नोंदवितो. पाण्यात उष्ण मसाले उकळून केलेला चहा डोकेदुखी व पोटातील मुरडा यांवर गुणकारी मानला जाई आणि तो खडीसाखरेबरोबर घेत. मसाल्याचा चहा ही अलीकडील टपरीवाल्यांची कल्पना आहे, असे समजणाऱ्यांनी हा उल्लेख अवश्य लक्षात घ्यावा. चहा ‘मुरविण्या’ऐवजी ‘उकळण्या’ची पश्चिम किनाऱ्यावरील प्रवृत्ती निदान एवढी जुनी आहे.

आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत ते बेट सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होते; मराठ्यांनी ते १७३७ साली जिंकले. पोर्तुगीजांनी या भागाच्या स्वयंपाकघरास पाव दिला, बादली दिली, घमेले दिले. ‘बशी’ हा शब्दही पोर्तुगीज ‘बासिया’पासून आल्याचे सामान्यतः मानले जाते. तसे असल्यास ‘कपबशी’ हा समास अर्धा इंग्रज व अर्धा पोर्तुगीज ठरतो, आणि तरीही त्याच्याइतका घरगुती मराठी शब्द दुसरा सापडणे कठीण. पोर्तुगीजांचा किटलीसाठी असलेला शब्द मात्र मराठीत आला नाही. बशी आली, किटली आली नाही. किटली इंग्रजांबरोबर यावयाची होती.

इंग्रजी पद्धतीचा चहा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मध्यमवर्गात शिरला तो काही निर्वेधपणे नव्हे. १८९० सालचे पुण्यातील पंचहौद मिशनचे चहाप्रकरण प्रसिद्धच आहे. मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करविली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही होते. दोघांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणाची चर्चा नेहमी कोणी चहा प्याला व कोणी नुसता पुढे ठेवू दिला या मुद्द्यावर होते. भांड्याचा मुद्दा त्यात मागे पडतो. धर्मशास्त्राप्रमाणे धातूचे भांडे राख, आंबट व पाणी यांनी घासून शुद्ध करता येते. मातीचे भांडे पुन्हा भाजल्याखेरीज शुद्ध होत नाही. मग चिनी मातीचे काय? ती माती म्हणावी तर तिला काचेसारखी चकाकी, आणि धातू म्हणावी तर नाव मातीचे. अशा संशयित भांड्यातून चहा घेणे जुन्या वळणाच्या घरांस अवघड वाटे. पितळेची कपबशी ही आज जुन्या बाजारात गंमतीची वस्तू म्हणून विकली जाते. परंतु ती गंमत म्हणून घडविलेली नव्हती. कपाचा आकार इंग्रजी आणि अंग मात्र घासता येण्याजोगे, अशी ती तडजोड होती.

टीपॉटची गती याहून बिकट होती. कप पितळेचा होऊ शकला. टीपॉट पितळेचा करावा, तर त्याला आतून कल्हई हवी. पातेल्याला कल्हई करणे सोपे. भांडे तापवून नवसागर टाकावयाचा, कथील फिरवावयाचे आणि कापसाच्या बोळ्याने ते पसरावयाचे. परंतु कल्हईवाल्याचा बोळा तोटीच्या आत पोहोचत नाही. तोटीचे कोणतेही पितळी भांडे कढत पेयासाठी वापरण्यात ही अडचण आहे, आणि चहाचा तुरटपणा ती अधिक जाणवून देतो. झारीत थंड पाणीच असे, म्हणून तिथे हा प्रश्न कधी उठला नाही.

तो सोडविला ॲल्युमिनियमने. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढील काही दशकांत ती भांडी देशभर पसरली. वजनाला हलकी, किमतीला बेताची, कल्हईची कटकट नाही. मराठी गृहिणीने या धातूस मनापासून पसंत केले असे नाही; आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत हे तिला लवकरच कळले. पण किटलीसाठी तो जणू बेतून दिलेला होता. उपनगरांतील भांड्यांच्या दुकानांत छताला टांगलेल्या किटल्या आजही बहुतेक ॲल्युमिनियमच्याच असतात. पोलाद नंतर आले आणि महाग राहिले.

याच सुमारास चहाच्या प्रसाराची संघटित मोहीम सुरू झाली. १९०३ च्या कायद्यान्वये चहावर उपकर बसविण्यात आला व त्या पैशातून चहा उपकर समिती स्थापन झाली. १९३७ पासून ती ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रेल्वे स्थानके, गिरण्या, बाजार येथे चहा पाजणे आणि चहा ‘कसा करावा’ हे भित्तिपत्रकांतून व प्रात्यक्षिकांतून शिकविणे, हे तिचे कार्य होते. शिकवण ठराविक इंग्रजी होती. पाणी ताजे घ्या. किटलीत खळखळ उकळा. टीपॉट गरम पाण्याने विसळा. माणशी एक चमचा व भांड्यासाठी एक चमचा चहा घाला. पाच मिनिटे झाकून ठेवा. मग दूध व साखर कपात घाला. दुकानदार चहा दुधात उकळतात, त्यात मसाला घालतात आणि चहाची पूड वाचवितात, ही प्रचारकांची कायमची तक्रार होती. मसाला घातला की चहा कमी लागतो. ज्यांना चहा खपवावयाचा होता त्यांना हे कसे रुचावे? तेव्हा टीपॉटच्या बाजूने केलेल्या त्या प्रचारात चवीच्या जाणकारीइतकाच व्यापाराचा हिशेबही होता.

टीपॉट मराठी घरात आला नाही असे नव्हे. ‘टीसेट’ ही लग्नात देण्याची प्रतिष्ठित भेट होती. टीकोझी हा भरतकामाचा आवडता विषय होता. पण हा टीसेट कपाटाच्या काचेमागेच राहिला आणि पाहुण्यांतही निवडक पाहुण्यांसाठीच निघाला. त्याचे एक कारण दूध. इंग्रजी पद्धतीत दूध न तापविलेले व थंड, वरून ओतावयाचे. उपनगरांत दूध म्हणजे प्रायः म्हशीचे. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या भागांत तबेले होते. १९४९ साली गोरेगावनजीक आरे येथे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली शहरातील म्हशी तेथे हलविण्यात आल्या. हे दाट दूध न तापविता घेण्याची पद्धत नाही, आणि तापविले की त्यावर साय धरते. थंड साईचे दूध कपात ओतले तर चहा निवतो व वर तवंग येतो. म्हणून दुधाने चहाच्या भांड्यात, विस्तवाजवळच प्रवेश केला. दुसरे कारण खुद्द चहाची जात. विल्यम मॅकर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र सिद्ध केले. या यंत्रातून पाने चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणे निघतात. त्यांचा रंग झटकन व गडद उतरतो. सबंध पानास मुरण्यासाठी टीपॉटमधील पाच मिनिटांची शांतता लागते. या दाण्यास ती लागत नाही. देशात स्वस्त सीटीसी सर्वत्र मिळू लागल्यावर टीपॉटला कामच उरले नाही.

येथे भाषेची साक्ष घेणे उद्बोधक ठरेल. मराठी गृहिणी चहा ‘टाकते’. हे क्रियापद इतके रुळले आहे की त्यातील मूळ क्रिया कोणाच्या लक्षात येत नाही. आधी आधण ठेवावयाचे आणि आधणात पूड टाकावयाची. म्हणजे भात-आमटीच्या आधणाचीच ही रीत. टीपॉटमध्ये चहा कोणी ‘टाकत’ नाही. तिथे चहावर पाणी ओततात. एका क्रियापदाने पातेल्याचा विजय जाहीर केला आहे. परंतु तो विजय पूर्ण नाही. पुण्यामुंबईच्या पुष्कळ मराठी घरांत पाणी व साखर उकळून, पूड टाकून, लगेच विस्तव बंद करतात. वर झाकण ठेवून चहा मुरू देतात. मग गाळून त्यात ऊन दूध घालतात. ही प्रचारकांनी शिकविलेलीच पद्धत होय. फक्त तिच्यातून किटली व टीपॉट ही दोन्ही भांडी वजा झाली आहेत आणि त्यांच्या जागी पातेली व ताटली आली आहे. त्याच इमारतीतील गुजराती शेजाऱ्याकडे चहा दुधासह खळखळ उकळतो, आणि त्या भांड्याला तो ‘तपेली’ म्हणतो. ‘पातेली’ व ‘तपेली’ ही एकाच शब्दाची उलटापालट वाटते. परंतु तपेले हा शब्द मराठीतही आहे आणि त्याचा संबंध तापविण्याशी जोडला जातो. पातेले हे पात्राशी नाते सांगते. ध्वनिसाम्यावर विसंबून व्युत्पत्ती सांगणे नेहमीच धोक्याचे.

असाच एक फसवा शब्द ‘टीपॉय’. मूळ हिंदुस्थानी ‘तिपाई’, म्हणजे तीन पायांची. मराठीत ती ‘तिवई’ म्हणून पूर्वीपासून आहे. इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्यात त्यांना ‘टी’ म्हणजे चहा ऐकू आला, आणि चहाचे मेज असा अर्थ त्यास चिकटला. हा इंग्रज बनलेला शब्द मराठी दिवाणखान्यात परत आला. टीपॉट घरातून गेला. टीपॉय मात्र वर्तमानपत्रे अंगावर घेऊन अद्याप उभा आहे.

आता किटलीकडे वळावयाचे. उपनगरांचा काही भाग १९५० साली व मुलुंड-बोरिवलीकडील भाग १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. अंधेरी-कुर्ला रस्ता, घाटकोपर ते मुलुंडचा पट्टा येथे लहान कारखाने आणि औद्योगिक गाळे दाटीने उभे राहिले. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४६ प्रमाणे उपाहारगृहाची सक्ती करता येत असे ती अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर. एका गाळ्यात दहावीस माणसे. त्यांच्यासाठी उपाहारगृह कोण काढणार? त्यांचा चहा बाहेरून येणे क्रमप्राप्त होते. चहा एका ठिकाणी होई आणि पिणारे दुसऱ्या ठिकाणी, कित्येकदा दोन मजले वर, असत. हे अंतर किटलीने भरून काढले. हॉटेलचा ‘बाहेरवाला’ एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात पेल्यांची तारेची जाळी घेऊन जिने चढू लागला. अर्ध्या पेल्याचा ‘कटिंग’ हा मुंबईचा खास माप. तो किटलीमुळेच सुलभ होतो, कारण एका किटलीतून किती पेले भरावयाचे हे ओतणाऱ्याच्या हातात राहते.

या कामासाठी किटली निवडण्याचे शास्त्र पाणी उकळण्याच्या किटलीहून निराळे आहे. तोटीचे तोंड भांड्याच्या काठाइतके उंच हवे. ते खाली असेल तर किटली भरताच चहा तोटीतून सांडू लागतो, कारण द्रव दोन्हीकडे सारखीच पातळी धरतो. तोटी बुडाकडे रुंद व तोंडाशी निमुळती असली म्हणजे धार तुटत नाही. झाकण बसके आणि घट्ट हवे, कारण जिन्यावर किटली डुलते. कडीला वेत किंवा कापड गुंडाळलेले असते. बूड जाड हवे, ते उकळण्यासाठी नव्हे, तर टेकवली असता ती उलटू नये व उष्णता धरून राहावी म्हणून. फार मोठी किटलीही उपयोगी नाही. शेवटच्या मजल्यापर्यंत पोहोचता पोहोचता तिच्यातील चहा कोमट होतो, आणि कोमट चहाचे पैसे मिळविणे कठीण.

तोटीचा आणखी एक गुण आहे, व तो आनंदाने सांगण्याजोगा नाही. तोटीच्या भांड्यातून वरून ओतता येते. ओतणाऱ्याचे भांडे पिणाऱ्याच्या पेल्यास लागत नाही. अस्पृश्य मानलेल्यांच्या ओंजळीत वरून पाणी घालण्याची रीत या देशात होतीच. चहाच्या दुकानांनी ती नव्या रूपात चालू ठेवली. महाराष्ट्रातील खेड्यांत अस्पृश्यांसाठी दुकानाबाहेर निराळी कपबशी ठेवलेली असे. ती ज्याची त्याने घ्यावी, आणि पिऊन झाल्यावर धुऊन ठेवावी. या प्रथेचे साक्षीदार दलित आत्मकथनांत विपुल आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमात सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरविण्यात आला. कायद्याला कपबशीपर्यंत उतरावे लागले, यातच त्या कपबशीचे वजन कळून येते. पंचहौद मिशनमधील कप ज्यांच्यापुढे ठेवला गेला त्यांना प्रायश्चित्ताची वाट मोकळी होती. दुकानाबाहेर ठेवलेल्या कपाला तशी वाट नव्हती.

उपनगरांतील गाळ्यांत हे फार काळ चालणे अवघडच होते. तेथे पेले एकाच जाळीतून येत, एकाच बादलीत विसळले जात, आणि कोणता पेला कोणाच्या ओठास लागला होता हे सांगणे बाहेरवाल्यासही शक्य नव्हते. म्हणून तेथे भेद उरला नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. तो जेवणाच्या डब्यांत व घरांच्या भाड्यांत टिकून राहिला. पेल्यात मात्र त्याला जागा सापडली नाही. अलीकडे कागदी पेले आले आहेत. ते एकदा वापरून टाकावयाचे असल्याने विसळण्याची बादली गेली. किटली तेवढी राहिली.

गेल्या काही वर्षांत या शब्दाच्या इतिहासास एक नवे वळण मिळाले आहे. पवई-अंधेरीच्या सदनिकांत विजेवर पाणी उकळण्याचे भांडे आले. त्यास बहुतेक ‘केटल’ म्हणतात, ‘किटली’ नव्हे. एकाच इंग्रजी शब्दाची दोन रूपे आता एकाच माणसाच्या बोलण्यात नांदतात. घरी तो केटल लावतो. कचेरीत किटली मागवितो. विस्तवावरून उतरलेला अर्थ नव्या उच्चाराबरोबर परत आला आहे. त्या केटलमध्ये उकळलेले पाणी थेट पेल्यातील चहाच्या पिशवीवर ओततात, म्हणजे टीपॉटला याही वेळी जागा मिळालेली नाही. आणि दूध? केटलबरोबर येणाऱ्या सूचनापत्रकात बहुधा बजावलेले असते की तिच्यात पाण्याखेरीज काही उकळू नये. त्यामुळे तिच्या शेजारी, गॅसच्या शेगडीवर, दुधासाठी एक पातेली असतेच.